स्लॅबखालची खोली रात्री अकरालाही तापलेली का? (हवा, झरोके, कूलर)

मानेवाडा_वरचा_मजला · ११ मे, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. आमचं घर नागपुरात, मानेवाड्यात. वर दहा बाय बाराची एक खोली आहे, डोक्यावर थेट स्लॅब. सासूबाई आणि माझी लेक तिथं झोपतात, खाली जागा नाही. दर मे महिन्यात रात्री बारा-साडेबारापर्यंत दोघी तळमळत असतात. यंदा नुसतं "गरम होतंय" म्हणत बसायचं नाही, नीट मोजायचं, असं ठरवलं.

बर्डीच्या बाजारातून तीन साधे थर्मामीटर आणले. आधी तिन्ही एका ताटलीत शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, आकडा सारखाच आला. मग एक फरशीपासून वीतभर वर, एक दिवाणाच्या उंचीवर आणि एक पंख्याच्या दांडीजवळ टांगला. आजचे आकडे:

दुपारी ४ वाजता: खाली ३५, मध्ये ३८, वर ४२.
रात्री ११ वाजता: खाली ३६, मध्ये ३८, वर ४०. त्याच वेळी गच्चीवर ३३.

लेक सातवीत आहे. तिच्या पुस्तकात लिहिलंय की गरम हवा वर जाते, थंड हवा खाली येते आणि हवेचं चक्र सुरू राहतं, यालाच अभिसरण म्हणतात. तिनं मला विचारलं, "आई, मग आपल्या खोलीतली हवा फिरत का नाही? वरची वरच का बसलीय?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आणि बाहेर ३३ असताना आत ३८ का, हे तर मलाच विचारायचं आहे.

कूलर आहे, खिडकीत बसवलेला. दुपारी बरं वाटतं, संध्याकाळनंतर खोली चिपचिप होते. खिडकीच्या वर स्लॅबला लागून एक झरोका होता. कबुतरं घरटं करायची म्हणून तो सात-आठ वर्षांपूर्वी प्लायवूड ठोकून बंद केला.

---

कूलर_दुरुस्ती_२२_वर्षं · १२ मे, सकाळी ७:१०

ताई, पहिले हे सांगा, कूलर चालू असताना दार-खिडक्या बंद असतात का? दहातल्या आठ घरी मला हेच दिसतं. कूलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो. आतली हवा निघायला जागाच नसली तर तो ढकलणार कुठं? मग तीच हवा ओली होत जाते आणि अंगाला चिकटते.

ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूचे पाण्यानं भिजणारे गवती पडदे, कधी बदलल्या तेही सांगा. पांढरा थर धरलेल्या ताटीतून हवा जात नाही.

---

मानेवाडा_वरचा_मजला · १२ मे, सकाळी ७:३२

ताट्या एप्रिलमध्येच बदलल्या दादा, वाळ्याच्या आहेत. आणि हो, दार बंदच असतं. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून.

---

निवृत्त_विज्ञानशिक्षक · १२ मे, सकाळी ९:०५

तुमच्या लेकीचा प्रश्न फार चांगला आहे. अठ्ठावीस वर्षं शिकवलं, पण "वरची हवा वरच का बसते" असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

हिवाळ्यात बादलीत रॉड लावतो ते आठवा. पाणी तापलं म्हणून हात घातला की वर चटका बसतो आणि तळाशी पाणी गारच असतं. रॉडच्या खालचं पाणी तसंच पडून राहतं. आता चुलीवरचं दुधाचं पातेलं पाहा. तिथं आच तळाला असते, म्हणून तळाचं दूध तापून वर येतं, वरचं खाली जातं आणि सगळं पातेलं सारखं तापतं. द्रव तसाच आणि उष्णताही तशीच, पण आच वर आहे की खाली, एवढ्यानं सगळं बदलतं.

तुमच्या खोलीत आच वरून आहे. दिवसभर ऊन खाल्लेला स्लॅब त्याला लागून असलेली हवा तापवतो. ती हवा हलकी होते, पण हलक्या हवेला जायचं असतं वर, आणि वर स्लॅब. म्हणून ती तिथंच थांबते. तिच्याखाली थोडी कमी गरम, त्याखाली अजून कमी. हलकं वर आणि जड खाली असं सगळं आपापल्या जागी बसलेलं असल्यावर कुणालाही हलायचं कारण उरत नाही. पुस्तकातलं चक्र खालून तापवलेल्या हवेचं आहे. तुमचे ३५, ३८, ४२ हे आकडे म्हणजे वरून तापवलेल्या हवेचं चित्र आहे, आणि तुम्ही ते फार नीट टिपलंत.

इमारतीतली उष्णता मोजणारे अभियंते यासाठी जे आकडे धरतात त्यातही हा फरक दिसतो. पृष्ठभाग आणि हवा यांत एका अंशाचा फरक असेल, तर गरम जमिनीवरून वर जाणाऱ्या हवेतून दर चौरस मीटरला सुमारे ५ वॅट उष्णता जाते. गरम छतावरून खाली यायची असेल तर फक्त ०.७ वॅट.

मग छत इतकं तापलेलं का जाणवतं, असं तुम्ही विचाराल. ती उष्णता हवेतून येतच नाही, प्रारणानं येते. चुलीसमोर बसल्यावर तोंडाला धग लागते, तशी. दिवाणावर पडून पंखा बंद करा, हातात एक उशी घ्या आणि ती चेहऱ्यावर हातभर उंच धरा. चेहऱ्यावरची धग लगेच कमी होईल. उशीनं हवा गार केलेली नसते, छताची धग अडवलेली असते.

आता रात्रीचं. यासाठी जरा वजन काढू. दहा बाय बारा बाय दहा फूट म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. नागपुरात उन्हाळ्यात तिचं वजन साधारण ३७ किलो भरतं. आणि डोक्यावरचा पाच इंची स्लॅब? तीन टनांहून जास्त. ती ३७ किलो हवा एक अंशानं गार करायला जेवढी उष्णता काढावी लागते, त्याच्या जवळपास ८० पट उष्णता स्लॅब एक अंशानं गार करायला काढावी लागते. म्हणून खोलीतली सगळी हवा एकदा बदलली तरी दहा मिनिटांत स्लॅब तिला पुन्हा तापवतो. रात्रभर हवा बदलतच राहायला हवी, तेव्हा कुठं तो थोडा निवतो.

तो झरोका उघडा. पण कधी उघडायचा आणि कधी नाही, यात एक मेख आहे. संध्याकाळी लिहितो, आता बाजारात जायचं आहे.

---

सिव्हिल_लाइन्सचं_बालपण · १२ मे, सकाळी ११:२०

सरांचं वाचून आमचं जुनं सरकारी क्वार्टर आठवलं. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं त्या काळातले ते बंगले. छत इतकं उंच की पंखा लांब दांडीवर टांगलेला असायचा. भिंतीत छताच्या खाली छोट्या खिडक्या असायच्या. दोरी ओढली की उघडायच्या, सोडली की बंद. ती दोरी ओढायचं काम माझ्याकडे होतं. आजोबा संध्याकाळी हाक मारायचे, "वरच्या खिडक्या!" सकाळी आठच्या आत परत बंद. असं का, हे मी कधी विचारलं नाही. गरम थर आपल्या डोक्याच्या खूप वर राहावा आणि रात्री वरूनच निघून जावा, हे आज कळलं.

---

धरमपेठ_जुना · १२ मे, दुपारी १:४५

सर, आदर राखून सांगतो, माझा अनुभव उलटा आहे. मागच्या वर्षी "गरम हवा वर जाते" हे वाचून मी दिवसभर झरोके उघडे ठेवले. घर आणखी तापलं. आई तर म्हणाली की वरून झाव (गरम झळ) येऊन राहिली आहे. मी सगळे बंद केले, तेव्हा बरं वाटलं.

---

निवृत्त_विज्ञानशिक्षक · १२ मे, संध्याकाळी ६:५०

भाऊ, तुमच्या आई अगदी बरोबर बोलल्या. हीच ती मेख.

"गरम हवा वर जाते" हे वाक्य अर्धं आहे. गरम हवा आपण होऊन कुठंही जात नाही. शेजारची थंड, जड हवा खाली घुसते आणि तिला वर ढकलते. पाण्यात बुडवलेला लाकडाचा ठोकळा वर येतो तसं. समुद्रसपाटीवर २० अंशांच्या एक घनमीटर हवेचं वजन १.२० किलो, ४० अंशांच्या हवेचं १.१३ किलो. सत्तर ग्रॅमचा फरक, बस. तेवढ्यावर सगळं चालतं. म्हणून कोण चढणार आणि कोण उतरणार, हे आत-बाहेरच्या तुलनेवर ठरतं.

रात्री आत ३८, बाहेर ३३. आतली हवा हलकी. बाहेरची गार हवा खालच्या दारा-खिडकीतून शिरते, आतली वरच्या झरोक्यातून निघते. हे आपल्याला हवंय.

दुपारी आत ३७, बाहेर ४४. आता आतली हवा जड. ती खालून, दाराच्या फटीतून बाहेर सांडते, आणि तिची जागा घ्यायला ४४ अंशांची हवा वरच्या झरोक्यातून आत येते. चक्र तेच, फक्त उलटं फिरतं. तुमच्या आईंना वरून जी झाव लागत होती ती हीच.

त्यामुळे झरोका दिवसा बंद, सूर्य मावळून बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की उघडा. तुमच्या आजोबांची हाक, सिव्हिल लाइन्सवाले, नेमकी याच हिशोबाची होती.

याला अपवाद एकच, कूलर. तो पंख्याच्या जोरानं हवा आत ढकलतो, तेव्हा झरोक्यातून हवा बाहेरच जाते, आत येत नाही. कूलर चालू तर झरोका दुपारीही उघडा.

---

कूलर_दुरुस्ती_२२_वर्षं · १२ मे, रात्री ८:१५

सरांनी माझ्या मनातलं सांगितलं. कूलरची हवा गार म्हणजे जड, ती खाली बसते आणि वरचा गरम थर वर ढकलते. वर भोक असलं तर सगळ्यात गरम हवा पहिले निघते. दार उघडं ठेवलं तर खालची गार हवा पहिले निघून जाते आणि वरची तशीच राहते. म्हणून मी लोकांना सांगतो, समोरच्या भिंतीत वर जागा द्या, कूलरच्या तोंडाएवढी तरी. नसेल तर दार निदान अर्धं उघडा, पण कोंडून ठेवू नका.

आणि पाऊस पडला की कूलरकडून फार अपेक्षा ठेवू नका. मे महिन्यात हवा कोरडी असते, म्हणून ४४ ची हवा ताटीतून २७-२८ होऊन निघते. जुलैत हवेतच पाणी असतं, ताटीतलं उडतच नाही.

---

पोहरा_ते_पाटणसावंगी · १२ मे, रात्री ९:०२

सर, एक शंका. गरम हवा वर जाते तर चिखलदऱ्याला गार काहून वाटतं? तिथं तर जास्त गरम पाहिजे. ही शंका शाळेपासून आहे, विचारायची हिंमत झाली नव्हती.

---

निवृत्त_विज्ञानशिक्षक · १२ मे, रात्री ९:४०

विचारलंत ते फार बरं केलंत. याचं उत्तर सायकलच्या पंपात आहे. हवा भरताना पंपाचा तळ हाताला गरम लागतो, कारण दाबलेली हवा तापते. उलट ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली तर ती गार लागते, कारण फुगणारी हवा स्वतःचीच उष्णता खर्च करते.

जमिनीवरून उठलेली हवा जसजशी वर जाते तसतसा तिच्यावरचा दाब कमी होतो आणि ती फुगते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी गार होते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास. आठशे मीटरचा फरक, म्हणजे साधारण आठ अंश. आपल्याकडे ४४ असताना तिथं ३६ का, हे यातून कळतं.

खोलीची उंची तीन मीटरच असते, तिथं हा परिणाम लक्षातही येत नाही. म्हणून खोलीत वर गरम आणि डोंगरावर गार, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

---

कळमेश्वरचं_वावर · १२ मे, रात्री १०:२५

मी काही शिकलेला माणूस नाही, पण हे सगळं आम्ही रोज पाहून राहिलो म्हणून लिहितो.

आमचं वावर काळ्या मातीचं. एप्रिलात नांगरून, वखरून मोकळं पडलं असते. बाजूलेच संत्र्याचा बगीचा, हिरवा. दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास वारा पडला की काळ्या वावरात वावटळ उठते. बगीच्यात कधीच उठत नाही. पहिले धुऱ्याजवळ थोडा पालापाचोळा गोल फिरतो, मग एकदम खांबासारखी माती वर जाते. माझे वडील म्हणत, जमीन श्वास टाकते. ढोरं बांधलेली असली तर त्यांच्या डोळ्यांवर फडकं टाकत.

हे बी तुमचं अभिसरणच का, सर?

---

निवृत्त_विज्ञानशिक्षक · १२ मे, रात्री १०:५८

शंभर टक्के, दादा. आणि तुमचं निरीक्षण नेमकं आहे. काळी उघडी माती ऊन पिऊन घेते आणि हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. बगीच्यात झाडं पाणी बाष्प करून सोडतात, त्यात उष्णता खर्च होते, सावलीही असते. काळ्या मातीलगतची हवा इतकी हलकी होते की ती फुगा सुटल्यासारखी वर उसळते. तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी हवा धावत येते. त्या धावेत थोडासा जरी पीळ असला, तरी मध्याकडे येता येता तो वाढत जातो. फुगडी घालताना दोघी जवळ आल्या की वेग वाढतो, तसा. माती उडते म्हणून आपल्याला ते दिसतं. माती नसती तर तेच चक्र दिसलं नसतं, पण असतंच.

वारा पडल्यावर उठते हे तुम्ही लिहिलंत तेही महत्त्वाचं. जोराचा वारा असला तर तो तापलेली हवा साचूच देत नाही.

---

अंबाझरी_पक्षीनिरीक्षक · १३ मे, सकाळी ६:१५

न दिसणारे खांब घारी दाखवतात. सकाळी सात वाजता घार पंख मारत उडते, दमते, झाडावर बसते. साडेनऊ-दहानंतर तीच घार पंख ताठ पसरून गोल-गोल फिरत वर जाते, एकदाही पंख न मारता. गोल का, तर उठणारी हवा एका ठरावीक जागेत असते आणि त्या जागेतून बाहेर पडायचं नसतं. एकीला खांब सापडला की पाच-सहा जणी तिथं येतात. कुठल्या जागेवर येतात हे पाहिलंत तर खालची जमीन बहुतेक उघडी, तापलेली असते. अंबाझरीच्या पाण्यावर दुपारी घिरट्या कमीच दिसतात, काठाच्या मुरमाड जमिनीवर जास्त.

मे महिन्यात दुपारी सोनेगावला विमान उतरताना जे हादरे बसतात ते याच खांबांचे. पहाटेच्या विमानाला सहसा बसत नाहीत.

---

खापरखेडा_परिसर · १३ मे, सकाळी ८:४०

थोडं हिवाळ्याचंही. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे शेकोट्यांचा धूर वर जातच नाही. घराच्या उंचीपर्यंत चढतो आणि आडवा पसरतो. दहा वाजता ऊन लागलं की मोकळा होतो. रात्रभर जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून गार होते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, वरची त्यामानानं गरम राहते. म्हणजे ताईंच्या खोलीत जे आहे तेच गावभर, हलकं वर, जड खाली, सगळं थांबलेलं. फरक एवढाच की खोलीत वरचा स्लॅब तापलेला असतो आणि इथं खालची जमीन गारठलेली. मुलांचा खोकला त्याच दिवसांत वाढतो.

हवामान खातं नागपुरातून रोज सकाळ-संध्याकाळ जो फुगा सोडतं, त्यावरची उपकरणं वर जाता जाता हेच मोजतात: कुठल्या उंचीवर किती तापमान, किती ओल. हवा वर चढायला तयार आहे की थांबलेली, हे त्यातून कळतं आणि वादळाचा अंदाज त्यावर बांधता येतो.

---

मानेवाडा_वरचा_मजला · १३ मे, रात्री ११:३०

तुम्हा सगळ्यांची आभारी आहे. आज लेकीनं प्रयोग केला. सरांनी लिहिलेलं उलटं चक्र तिला डोळ्यांनी पाहायचं होतं.

गॅलरीचं दार पूर्वेला आहे, तिथं दुपारनंतर सावली आणि वारा कमी. पंखा, कूलर दोन्ही बंद केले. दार चार बोटं उघडलं. अडीच वाजता तिनं अगरबत्ती दाराच्या फटीत वर धरली (स्टुलावर चढून, मी धरून उभी होते). धूर आत आला. मग खाली उंबऱ्याजवळ धरली, धूर बाहेर गेला. कंबरेच्या उंचीवर धरली तेव्हा धूर सरळ वर गेला, ना आत ना बाहेर.

आता अकरा वाजता तेच पुन्हा केलं. वर धूर बाहेर जातोय, खाली आत येतोय. बरोब्बर उलटा. ती इतकी नाचली की सासूबाई उठून बसल्या. मग त्यांनीही स्वतः अगरबत्ती धरून पाहिली. म्हणाल्या, महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात चौकाकडची दारं रात्री का उघडी ठेवायचे, ते आज दिसलं.

---

महालातला_वाडा · १४ मे, सकाळी ७:५५

आजींना नमस्कार सांगा. आमचा वाडा अजून उभा आहे, अर्धा. रात्री चौकाची फरशी आकाशाकडे उघडी असल्यानं लवकर गार होते, गार हवा चौकात साचते आणि खालच्या दारांतून खोल्यांत शिरते. खोल्यांतली गरम हवा वरच्या मजल्यावरून, कवेलूंच्या फटींतून निघून जायची. कवेलूंचं छप्पर म्हणजे शेकडो झरोके. पुढच्या भागावर स्लॅब टाकला तेव्हापासून तिथं उन्हाळ्यात कुणी झोपत नाही. मागच्या कवेलूंच्या खोलीत अजूनही पहाटे पांघरूण लागतं.

---

दवाखान्यात_रात्रपाळी · १४ मे, सकाळी ९:२०

धाग्यात घरी वयस्कर माणूस आहे म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगते. आपली त्वचा साधारण ३५ अंशांची असते. हवा त्याहून गार असेल तर पंख्याचा वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा त्याहून गरम असेल तर वारा उलट उष्णता अंगात आणतो, तेव्हा फायदा फक्त घाम वाळण्याचा. वय झालं की घाम कमी येतो. म्हणून खोली ४० च्या वर गेली असेल तर नुसत्या पंख्याखाली आजींना ठेवू नका. पातळ सुती कपडा ओला करून अंगावर द्या, मग पंखा लावा. पाणी, ताक, पन्हं थोडं थोडं देत राहा.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतकं गरम झालं, चक्कर येऊन पडला, तर वाट पाहू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात आणा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

---

धरमपेठ_जुना · १४ मे, दुपारी १२:१०

सर, ताईंच्या घरात जिना आतूनच गच्चीवर जातो का? जात असेल तर झरोक्यापेक्षा मोठं दार हाताशी आहे.

---

निवृत्त_विज्ञानशिक्षक · १४ मे, संध्याकाळी ७:१५

चांगलं सुचवलंत. या हवेला ढकलणारा जोर फार कोवळा असतो. आत-बाहेर पाच अंशांचा फरक आणि तळमजल्याच्या खिडकीपासून गच्चीच्या दारापर्यंत साडेसहा मीटर उंची धरली, तर दाब येतो जेमतेम एक पास्कल. एक चौरस मीटरवर शंभर ग्रॅम ठेवले तर जेवढा भार पडेल, तेवढाच. उंची दुप्पट केली की तो दुप्पट होतो, म्हणून नुसत्या खोलीपेक्षा दोन मजल्यांचा जिना कामाचा. वीजकेंद्राची चिमणी उंच बांधण्यात धूर दूर नेण्याबरोबर हेही एक गणित असतं.

जोर एवढा कोवळा असल्यानं वाटेतली प्रत्येक अडचण जाणवते. डासांची बारीक जाळी लावली की हवा बरीच कमी होते. जाळी हवीच, डेंग्यूचे दिवस येतात, पण मग उघडी जागा मोठी ठेवा आणि जाळी महिन्यातून एकदा धुवा. धुळीनं बुजलेल्या जाळीपलीकडे हा एक पास्कल काहीच करू शकत नाही.

लेकीला एक गोष्ट सांगा. अठराव्या शतकाच्या शेवटी काउंट रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं एक मोठा, मद्यार्क भरलेला थर्मामीटर तापवून खिडकीत निवायला ठेवला होता. उन्हाची तिरीप त्यावर पडली आणि आतले धुळीचे कण त्याला दिसले, मधून वर जाणारे आणि कडेनं खाली येणारे. द्रवातला हा प्रवाह त्यानं असा अचानक पाहिला. तिनं अगरबत्तीच्या धुरात जे पाहिलं ते त्याच जातीचं.

आणखी एक. या सगळ्याच्या मुळाशी वजन आहे, म्हणजे गुरुत्वाकर्षण. अंतराळस्थानकात जड-हलकं नसल्यानं गरम हवा वर जात नाही. तिथं मेणबत्तीची ज्योत लांबट न होता गोळ्यासारखी होते, आणि अंतराळवीरांच्या तोंडाभोवती त्यांचाच उच्छ्वास साचू नये म्हणून पंखे सतत चालू ठेवावे लागतात.

---

मानेवाडा_वरचा_मजला · २४ मे, रात्री ११:५०

दहा दिवस लिहिलं नाही, कारण काम चाललं होतं.

झरोक्याचं प्लायवूड काढलं. दीड बाय एक फुटाची जागा आहे. त्याला बिजागरीची फळी आणि दोरी लावली. जिन्याच्या वरच्या दाराला जाळीचं वेगळं दार करून घेतलं. गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले. सकाळी आठला फळी बंद, कूलर लावला की उघडी, आणि संध्याकाळी लेक गच्चीवरचा थर्मामीटर पाहून येते. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की दोरी ओढते. काल ती वेळ पावणेआठची होती, आज सव्वाआठची.

आजचे रात्री ११ चे आकडे: खाली ३३, मध्ये ३४, वर ३५. गच्चीवर ३२. चुन्याचा वाटा किती आणि झरोक्याचा किती हे वेगळं काढता येणार नाही, दोन्ही एकाच आठवड्यात झालं. पण वर-खाली चार अंशांचा जो फरक होता तो दोनवर आला, आणि सासूबाई साडेदहालाच झोपल्या आहेत.

उद्यापासून नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस. खालच्या खोलीतही कपाटामागे असाच एक बुजवलेला झरोका निघाला. रविवारी मिस्त्री येतोय.

---

कूलर_दुरुस्ती_२२_वर्षं · २५ मे, सकाळी ७:०५

ताई, मिस्त्रीला सांगा, कबुतरांची मोठी जाळी भिंतीच्या बाहेरच्या कडेला लावा. आतून लावली तर भिंतीच्या जाडीत जागा उरते आणि कबुतर तिथंच काड्या आणून टाकते. फळी आतून, जाळी बाहेरून.